न मोजलेलं दूध

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत परबभाऊंना चहा द्यायचा तर आधी दुधाचा जिल्हा सांगावा लागतो. "सांगली? ह्यांना काय कमी आहे!" म्हणत ते अर्धा कप तसाच ठेवतात. दूध विदर्भातलं निघालं की कप संपवून आणखी मागतात. "त्यांना प्रोत्साहन द्यायला हवं."

नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. कुठल्या भागात दुधाचा धंदा किती वाढला, हे सरकारसाठी मोजायचं आणि प्रत्येक भागाचा नंबर लावायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. माझ्या नव्या नवरीला त्यांनी माहेर विचारलं. ती "लातूर" म्हणताच हळहळले, "वाव आहे, वाव आहे!" मी हसलो, म्हणून ती माझ्यावर रुसली.

सरासरी म्हटलं की मात्र भडकतात. "सरासरी म्हणजे कोल्हापूरचं दूध कोकणाच्या ग्लासात ओतायचं!"

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी त्यांच्या खोलीतून आवाज यायला लागला. चर्र... चर्र... बायको कपडे वाळत घालता घालता थांबली.

"अहो, कुणीतरी धार काढतंय."

"तिसऱ्या मजल्यावर? हा जिना मलाच चढवत नाही!"

"मी गोठ्यातच वाढलेय. भांडं भरत आलं की आवाज जड होतो. ऐका."

आवाज खरंच जड होत चालला होता. मी उठून त्यांच्या खोलीकडे गेलो.

भाऊंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ते उकिडवे बसले होते, पुढ्यात पितळेची चरवी. हात मांडीवर, स्वस्थ. आवाज चालूच. खोलीत पेंढ्याचा आणि कोमट दुधाचा वास. मी चरवीत डोकावलो. कोरडी ठाक.

"तुम्हालाही ऐकू येतं?" त्यांनी विचारलं. घाबरले नव्हते, उलट जीव भांड्यात पडल्यासारखे दिसले.

मग स्वतःच बोलू लागले. "विकलेलंच दूध मोजायचं, असा आमचा नियम. आईनं आमच्या तांबू गाईचं दूध कधी विकलं नाही. आम्ही प्यायचो, उरलेलं शेजारी जायचं. कोकणातल्या आमच्या घरापुढे मी दरवर्षी शून्य मांडलं. एकदा आईनं विचारलं, 'माजा दूद खंय मांडलंस रे?' मी म्हटलं, 'ता हिशोबात धरूचा नसता.' ती हसली. आधी तांबू गेली, मग आई."

एवढ्यात आवाज थांबला. भाऊ दचकले. घाईघाईनं सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

"बसा, बसा. उभे राहू नका. नवीन माणूस दिसलं की तांबू पान्हा चोरते."

मी मांडी घालून बसलो. भाऊ भिंतीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भिया नको गो. आपलोच माणूस आसा."