चढाला दोघं

आमचे शेजारी दाभाडेकाका जिन्यात कोणाच्याही पाठीला हात लावून त्याला वर ढकलतात. ओळख असलीच पाहिजे असं नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे काकांना माणसांचा तुटवडा पडत नाही. परवा कुरिअरवाल्याला त्यांनी थेट तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. तो बिचारा पार्सल टाकून, सही न घेताच पळाला.

“चढाला दोघं, सपाटीला एक,” काकांनी मला समजावलं.

हे वाक्य विमानाचं आहे. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. हल्ली छोट्या, पंख्याच्या विमानांत इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर बसवायची खटपट जगभर चालू आहे, आणि काकांना विचारल्याशिवाय ती पुढे सरकत नसावी असा आमचा समज आहे. वर चढताना इंजिन आणि मोटर दोघं जोर लावणार, वर पोचलं की एकटं इंजिन पुरे. उतरताना पंखा वाऱ्यावर फिरून बॅटरी थोडी भरणार. तेल कमी, म्हणून तिकीट कमी, म्हणून लहान गावांनाही विमान.

काका हे नुसतं सांगत नाहीत, तसं वागतात. जेवल्यावर घोरतात त्याला ‘उताराचं चार्जिंग’ म्हणतात. मखमलाबादच्या मंदाबाईंची भाजीची गाडी चढावर मनापासून ढकलतात आणि सपाट रस्ता लागला की हात काढून घेतात.

“काका, हितं बी लावा की हात.”

“इथं एक इंजिन पुरतं, बाई.”

“मंग इंजिनाला आज भेंडी नाय मिळायची.”

काकू मुलीच्या बाळंतपणाला चंद्रपूरला गेल्या आणि तिथेच त्यांची कंबर धरली. आता परतीचा रात्रभराचा प्रवास त्यांना झेपत नाही, आणि तिथून विमान नाही. काकांना दमा, तिकडची कोळशाची हवा त्यांना मानवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ते फोनवर विमानाची प्रगती कळवतात. काकू सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, “म्हणजे कधी?”

“बॅटरी जड आहे गं अजून,” काका म्हणतात. तेवढं वाक्य मात्र हळू असतं.

काल मी भाजी घेऊन आले तर काका जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे. वाटलं, दम लागला. पण त्यांचा उजवा हात पुढे, हवेत धरलेला होता.

“ही पुढे असायची,” ते म्हणाले. “हात आपोआप जातो. मग पाय निघत नाही.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या पाठीला हात लावला. आम्ही चढलो.

तिसरा मजला आला, सपाटी आली. मी हात काढला नाही.