आवाज जावक, चित्र प्रलंबित

सदर प्रकरणातल्या सासूबाई एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या टेबलावर एकही काम शिल्लक नव्हतं. शिल्लक होता तो एक खून.

हा खून 'पाहुण्यांचा बंगला' नावाच्या जुन्या विंडोज गेममधला होता. कार्यालयात संगणक नवे नवे आले तेव्हा कोणीतरी तो गेम विभागाच्या संगणकावर टाकून ठेवला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे साधारणपणे दुपारभर, सासूबाईंनी त्याचा तपास चालवला. बंगल्यातली खोली न् खोली पालथी घालून त्या शेवटच्या व्हिडिओपर्यंत पोचल्या. त्यात गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, सोफ्याकडे बोट दाखवतो आणि खुनी कोण ते सांगतो. सोफ्यावर तिघं बसलेले असतात: भाचा, डॉक्टर आणि माळीणबाई. अडचण एवढीच होती की कार्यालयाच्या संगणकाला स्पीकर नव्हते. ध्वनी ही करमणुकीची बाब असल्याने तिला मंजुरी देता येत नाही, असा वरून शेरा आला होता. गुप्तहेराचे ओठ हलले, तिघांचेही चेहरे पडले, आणि खेळ संपला.

त्यानंतर लेकीचं लग्न झालं, केस पांढरे झाले, निरोप समारंभ झाला. बाईंनी कुठलंही प्रकरण कधी अर्धवट सोडलं नाही, असं साहेब भाषणात म्हणाले, तेव्हा बाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता घरी वेळ होता, कार्यालयातून भंगारात जाताना वाचवलेली गेमची सीडी होती, स्पीकरसुद्धा होते. लेक म्हणाली, एवढं काय त्यात, नेटवर शोध, कोणीतरी लिहिलेलं असेल. सासूबाईंनी तिच्याकडे, आपण हिला काय म्हणून शिकवलं, अशा नजरेने पाहिलं.

"आख्खा बंगला मी झाडून काढला," त्या म्हणाल्या, "आणि खुनी मला भलत्याच माणसाने सांगायचा?"

हे सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण घरात जावई आला.

जावई स्वभावाने गरीब होता. फक्त कोणाच्या यंत्रावर विंडोज दिसलं की त्याला अन्न गोड लागत नसे. संगणक हळू चालतो, असं सासूबाई सहज बोलून गेल्या आणि जेवणं व्हायच्या आत विंडोज जाऊन त्यावर लिनक्स ही दुसरी, फुकटची प्रणाली बसलेली होती. "आई, आता हा संगणक खऱ्या अर्थाने तुमचा झाला," जावई म्हणाला. आधी तो कोणाचा होता, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. जावयाने बसवलेल्या वस्तूला नावं ठेवायची पद्धत त्या घरात नव्हती. सासूबाई "छान आहे हो, जावईबापू" म्हणाल्या आणि त्यांनी सीडी आत सरकवली. काहीही झालं नाही.

जावयाने समजावून सांगितलं की हा गेम विंडोजची भाषा बोलतो, तेव्हा मध्ये एक दुभाष्या नेमावा लागेल. दुभाष्या फुकट होता आणि लगेच रुजू झाला. गेम उघडला. सासूबाईंनी सांभाळून ठेवलेला जुना डाव त्यात टाकला आणि शेवटच्या व्हिडिओवर बोट ठेवलं. पडदा काळाकुट्ट. आवाज नाही. कार्यालयात निदान ओठ तरी दिसत होते.

"दोन मिनिटांचं काम आहे," जावई म्हणाला. या घराण्यात वेळ मोजण्याचं एक नवं माप त्या क्षणी दाखल झालं.

दोन मिनिटांची पहिली काही मिनिटं ऋतू बदलेपर्यंत चालली. शेवटी जावयाने सासूबाईंना इंटरनेटवरच्या जाणकारांच्या मंचावर नेलं. तिथे लोक काहीही मोबदला न घेता एकमेकांना मदत करतात, असं तो म्हणाला. सासूबाईंनी 'महोदय' पासून 'आपली नम्र' पर्यंत रीतसर मजकूर लिहिला. मंचावर 'वडीलधारा' या टोपणनावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं उत्तर तातडीने आलं. नुसतं 'चालत नाही' असं लिहू नये. यंत्राची संपूर्ण माहिती जोडावी. आधी जुन्या चर्चा वाचाव्यात. आणि मुळात हा प्रश्न चुकीच्या विभागात विचारला आहे.

सासूबाईंचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्याशी कोणी इतक्या आपुलकीने बोललं होतं.

त्यांनी दुभाष्याचा कामाचा अहवाल काढला. त्यात जागोजाग 'हे काम करायचं राहिलं आहे' असं दुभाष्यानेच लिहून ठेवलेलं होतं. इतका प्रामाणिक कर्मचारी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. अहवाल वाचून वडीलधाऱ्यांनी कळवलं की हा आवाजाचा दोष दुभाष्याचा नाही. आवाजाची चौकशी आवाजाच्या खात्यात करावी.

आवाजाच्या खात्यात तीन अधिकारी निघाले. सगळ्यात खालचा प्रत्यक्ष स्पीकरशी बोलतो, पण वरून आदेश आल्याशिवाय बोलत नाही. मधला खालच्यावर देखरेख करतो. आणि सगळ्यात वरचा नुकताच नेमलेला, तो मधल्याच्या जागी आलेला आहे, मात्र मधला अजून गेलेला नाही. गेमचा आवाज मधल्याकडे जायचा, मधला तो वरच्याकडे पाठवायचा, वरचा म्हणायचा की मधल्याची सही नाही.

"आमच्याकडे असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. जावई जिथे आज्ञा टाइप करून थकला होता, तिथे त्यांनी सरळ आवाज निघतो कुठून आणि पोचतो कुठे, याचा माग काढला. आवाज अगदी पहिल्या दिवसापासून नियमित बाहेर पडत होता. तो मॉनिटरच्या तारेतून मॉनिटरमध्ये जात होता, आणि मॉनिटरला कान होते पण तोंड नव्हतं. म्हणजे जावक झाली होती, पोच नव्हती. दिशा बदलली आणि काळ्या पडद्यामागून गुप्तहेराचा खर्जातला आवाज घरात घुमला.

"खून केला आहे," तो म्हणाला, "डावीकडे बसलेल्या व्यक्तीने."

सासूबाईंचे यजमान, म्हणजे सासरे, रोज दुपारी याच खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत पडलेले असत. त्यांनी पेपर किंचित खाली केला आणि कोणाच्या डावीकडे, असं विचारलं. शिवाय सोफ्यावर कोण कुठे बसलं होतं, हेही सासूबाईंना आता नक्की आठवेना. ज्या वर्षी ज्याच्यावर संशय, त्या वर्षी तो आठवणीत बरोबर मधोमध येऊन बसत असे. चित्राशिवाय इलाज नव्हता.

चित्राचं खातं वेगळं होतं. व्हिडिओ दाखवणारा भाग ज्या कंपनीने बनवला ती कधीच बंद पडली होती, आणि त्या भागाचा परवाना कंपनीच्याही आधी संपला होता. नूतनीकरण करायला कंपनी हवी, कंपनी नाही. मंचाने यावर मार्ग सुचवला: संगणकाची तारीख मागे न्यावी, म्हणजे परवाना अजून जिवंत आहे असं त्याला वाटेल. तारीख मागे नेली. चित्र आलं. सोफा आला, तिघं आली, गुप्तहेर तिघांवरून बोट फिरवत ओठ हलवू लागला. आवाज गेला, त्यामुळे 'डावीकडे' म्हणताना बोट नेमकं कोणावर होतं ते कळेना. आवाजाचा वरचा अधिकारी त्या तारखेला नोकरीलाच लागलेला नव्हता.

सासूबाई पुन्हा कार्यालयातल्या त्याच दुपारी येऊन बसल्या होत्या. फक्त या वेळी त्यांना त्याचा पगार नव्हता.

इतर परिणामही दिसू लागले. सगळ्या संकेतस्थळांनी, आपण भूतकाळातून बोलत आहात, असं सांगून दार लावून घेतलं. सासूबाईंनी हयातीचा दाखला याच संगणकावर तयार करून पाठवला, त्यावर जुनी तारीख पडली. कार्यालयाने उलट टपाली कळवलं की त्या तारखेला आपण हयात होता याबद्दल दुमत नाही, आपण तेव्हा आमच्याकडेच कामाला होता; प्रश्न आत्ताचा आहे. सासूबाईंनी हे पत्र मंचावर टाकलं. वडीलधाऱ्यांनी विचारलं की आवाज आणि चित्र, दोन्ही एकाच वेळी हवंच आहे का.

इथे लेकीचा धीर सुटला. तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की आईला तिचं विंडोज परत बसवून दे. आवाज इतका हळू होता की तो सगळ्यांना ऐकू गेला. जावई बाहेर आला तो चेहरा पाडून. म्हणाला, आई, तुम्ही म्हणत असाल तर काढून टाकतो.

सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "जावईबापू, खुर्ची घ्या," त्या म्हणाल्या. "मला आता खुनीही पाहिजे आणि आवाजही पाहिजे."

त्या दिवसापासून कामाला खरी गती आली. सासूबाई सकाळी आंघोळ करून संगणकासमोर बसत आणि संध्याकाळी ठरल्या वेळी उठत. त्यांनी मधल्या अधिकाऱ्याला निवृत्त केलं. वरच्या अधिकाऱ्यासाठी जुन्या तारखेची नेमणूक दाखवली. गेमला एका बंद खोलीत ठेवलं, तिथे कायम जुनंच साल असे, आणि बाकी घर वर्तमानात आणलं. शेजारचे लोक त्यांना वाटेत अडवून आपापल्या प्रिंटरबद्दल विचारू लागले. त्या म्हणत, नुसतं 'चालत नाही' असं सांगू नका.

अखेर एका रविवारी दुपारी सगळं जुळलं. लेक टॉवेलला हात पुसत आली. जावई श्वास रोखून मागे उभा राहिला. सासूबाईंनी चष्मा पुसून शेवटचा व्हिडिओ सुरू केला.

दिवाणखाना दिसला. सोफा दिसला. गुप्तहेराने घसा खाकरला, आणि तो खाकरलेला ऐकू आला.

"आला," सासूबाई म्हणाल्या. "आवाज आला हो, जावईबापू."

"चित्रही आहे, आई, बघा, दोन्ही आहे," जावई म्हणाला आणि त्याने सासूबाईंचे पाय धरले. लेकीने दोघांना मिठी मारली. पडद्याच्या कडेला आवाज दाखवणारी पट्टी हिरवीगार नाचत होती, तिच्याकडे बोट दाखवून तिघंही एकाच वेळी बोलत होते. चित्र एकदाही अडखळलं नाही, आवाज ओठांच्या पुढेमागे झाला नाही, असं सासूबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांनी इतकी सुंदर पट्टी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या पट्टीवरून नजर हटली तेव्हा पडद्यावर कलाकारांची नामावली सरकत होती.

हरकत नाही, परत लावू, असं म्हणत सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, तर जावई गोठल्यासारखा उभा होता. कोपऱ्यात एक सूचना आली होती, नवी सुधारणा उपलब्ध आहे, बसवू का. आनंदाच्या भरात त्याने 'हो' म्हटलं होतं. व्हिडिओ परत लावला. पडदा काळा होता आणि आवाज नव्हता.

सासूबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला, कीबोर्ड पुढे ओढला आणि 'महोदय' असं लिहायला घेतलं. सासऱ्यांनी पेपर पूर्ण खाली ठेवला.

"अगं, इतके दिवस ऐकतोय म्हणून विचारतो," ते म्हणाले. "त्या बंगल्यात खून झाला कोणाचा?"

सासूबाईंची बोटं थांबली. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने नवऱ्याकडे. बंगल्याची प्रत्येक खोली, आवाजाचे तिन्ही अधिकारी, बंद पडलेल्या कंपनीचं साल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मेलेला माणूस तेवढा कोणालाच आठवेना.

वाचकांनी यावर हसायला हरकत नाही. मात्र आपण सोफ्यावरच्या त्या तिघांवर आळीपाळीने संशय घेत इथवर आलात. मेलं कोण, हे आपणही एकदा तरी विचारलंत का, एवढं कळवावं.