भट्टीतून आलेला तंबू

“घ्यायचा तर ह्योच घ्या रावसाहेब, न्हाईतर पौषाची थंडी घरीच गोधडीत काढा,” असं म्हणून रखमाजी त्या तेलकट, मातकट तंबूच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसला.

दुकान पुण्याच्या लष्कर भागातलं, जुन्या मालाचं. साल चौतीस. श्रीपादराव मोघ्यांचा जीव जडला होता शेजारच्या पांढऱ्याशुभ्र तंबूवर. श्रीपादराव म्हणजे भोरच्या एका वकिलाचे कारकून आणि तिथल्या वनविहार मंडळाचे चिटणीस. मंडळातली चार जोडपी राजगडाखाली पालीला तीन दिवस तंबूत राहणार होती. बायकांसकट! भोरात अर्ध्या लोकांनी कपाळाला हात लावला होता, उरलेल्यांनी नाकाला पदर.

रखमाजी पालीचा शेतकरी. बांधाच्या दाव्यापायी वकिलाच्या पायऱ्या झिजवून श्रीपादरावांच्या ओळखीचा झालेला. मोठ्या लढाईत त्यानं बसऱ्याकडे दोन हिवाळे तंबूत काढले होते. म्हणून निवडायला त्याला आणलं होतं. निवडायला आणलं आणि ऐकायचं मात्र नव्हतं, ही आपल्याकडची रीतच आहे.

“पांढरा लग्नाच्या मांडवाला बरा,” रखमाजी म्हणाला. “ह्याची कनात बगा. कमरंएवढी सरळ उभी, म्हंजी कडंच्या माणसालाबी नीट बसता येतंया. खाली ही झालर. ती भुईवर पसरायची, वर दगूड-माती टाकायची. वारं आत शिरायचं नाव काढत न्हाई.”

“आणि हे छपराला भोक? फाटका माल गळ्यात मारतोय लेकाचा!”

“फाटल्यालं न्हाई ते. पत्र्याची कडी हाय बगा त्याला. शेगडीचं धुराडं हितनं भाईर काढायचं. आन् एक ध्यानात ठेवा, ह्याला मेण लावल्यालं हाय. पावसानं भिजंल तर भिजू द्या, पर धुयाचा न्हाई.”

श्रीपादरावांनी मान हलवली आणि तंबू घेतला.

तंबू भोरला आला, अंगणात पडला, आणि श्रीपादरावांच्या आत्याबाई काठी टेकत त्याच्याभोवती फिरल्या. वाकल्या. हुंगलं.

“चरबीचा वास येतोय रे, श्रीपाद.”

“मेण आहे ते, आत्या.”

“कसलं मेण? गोरे सोजीर निजलेत ह्यात. काय काय खाल्लं असेल, काय काय सांडलं असेल! आणि ह्यात तुम्ही पानं मांडणार?”

श्रीपादरावांनी आत्याबाईंना विटाळ हे कसं मनाचं खूळ आहे ते समजावून सांगितलं. त्यांना ते पाठच होतं. भाद्रपदात, गणेशोत्सवात, ‘सोवळ्याचे खूळ’ या विषयावर ते दीड तास बोलले होते. बायकांच्या बाजूनं सर्वांत आधी टाळी वाजवली होती ती त्यांच्या पत्नीनं, सौदामिनीनं. त्या भाषणाच्या बळावरच ती आत्याबाईंना न जुमानता तंबूत राहायला तयार झाली होती. नवरा एवढं बोलतो तर आपण तीन दिवस राहून दाखवायला नको?

पण भाषण जिभेवर असतं आणि सोवळं नाकात असतं. जेवायला बसताना श्रीपादरावांनी स्वतःचा हात हुंगला. आमटीला चरबीचा वास येऊ लागला. भाताला येऊ लागला. ताकालासुद्धा येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सौदामिनी माहेरी हळदीकुंकवाला गेली, तशी त्यांनी ज्ञानू परटाला मागच्या दारानं बोलावलं.

“दोन भट्ट्या दे. सोडा घालताना हात आखडू नकोस.”

“साहेब, एवढं मोठं धोतर कुणाचं वो?”

“तंबू आहे तो! आणि हे वरचं भोक शिवून घे. पुन्हा कुणाजवळ बोलायचं नाही.”

तंबू दोनदा उकळला, आपटला, वाळला. तेलकटपणा पार गेला, मातकट रंग तेवढा राहिला. श्रीपादरावांनी हुंगून पाहिला. कसलाच वास नव्हता. ते समाधानानं पोटभर जेवले.

पौषात बैलगाड्या पालीला पोचल्या तेव्हा निम्मं गाव माळावर जमलेलं होतं. रखमाजीनं महिनाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की भोरच्या साहेबांचा तंबू म्या निवडला, बगायला या. तंबू ताणला गेला. खुंट्या ठोकल्या. आणि सगळे वाकून खाली बघू लागले.

झालर भुईपासून चांगली वीतभर वर लोंबत होती.

“रखमा,” चिमाजी पाटील मोठ्यानं म्हणाला, “तुज्या तंबूला परकर आखूड झाला की रं!”

माळ हसला. बायका हसल्या, म्हातारे हसले. रखमाजी तंबूभोवती एक फेरी मारून आला. कापड बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. छपराकडं पाहिलं. मग श्रीपादरावांकडं पाहिलं. श्रीपादराव गडाकडं पाहत होते.

“माजं चुकलं,” रखमाजी सगळ्यांदेखत म्हणाला. “माप घ्याया म्या चुकलो.”

आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. श्रीपादरावांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात सौदामिनी म्हणाली, “असू द्या हो, रखमाजी. नजर चुकते माणसाची. निदान आमच्या ह्यांनी विटाळ न मानता तसाच वापरायला काढला, हे काय थोडं झालं?”

श्रीपादरावांनी तोंड मिटलं.

ऊन उतरलं आणि गडावरून वारं सुटलं. ते सरळ झालरीखालून आत शिरलं आणि आठ माणसांच्या पिंढऱ्या कुरतडू लागलं. श्रीपादरावांचे मित्र आनंद पटवर्धन म्हणाले, “अरे, भोवतीनं दगड रचा.” दगड रचले. वारं फटींतून शिट्ट्या घालू लागलं. मग आनंदरावांना सुचलं, की खांबच वीतभर पुरले तर कनात आपोआप भुईला टेकेल. खांब पुरले. कनात टेकली आणि छप्पर डोक्याला टेकलं. आठहीजण पंगतीत बसल्यासारखे वाकून बसले.

“आता शेगडी पेटवा,” कुणीतरी कुडकुडत म्हणालं.

शेगडी पेटवली. धूर वर गेला, भोक शोधलं, भोकाला ठिगळ होतं. धूर परत आला.

“ह्याला भोक होतं ना वर?” डोळे पुसत सौदामिनीनं विचारलं.

“दुकानदारानं... बुजवलं असेल,” श्रीपादराव खोकल्यातून म्हणाले. खोकला फार वेळेवर आला होता.

मग आनंदराव हवेसाठी दाराकडं सरपटले, त्यांचा पाय खांबाला लागला, उकळून विरलेली शिवण टर्रकन उसवली, आणि तंबू आठजणांवर बसला. माणसं एकेक करून काळ्या तोंडानं बाहेर निघाली. माळावर चिमाजी पाटील अजून होताच.

“बसऱ्याचं सुभेदार! आता ह्यास्नी नीट तुज्या घरी ने!”

रखमाजीनं नेलं. त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, काही न विचारता चुलीवर तवा चढवला, काटवटीत पीठ मळलं. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी. भोरची चार सोवळी घराणी आडवा हात मारून जेवली. श्रीपादराव सर्वांत जास्त जेवले, कारण तोंड रिकामं राहिलं तर बोलावं लागलं असतं. निजायला ओसरीवर पेंढा पसरला. रखमाजी स्वतः गोठ्यात गेला. जाताना ठकुबाईला म्हणत होता, “आता गावात तंबूचं नाव काढायची सोय न्हाई ऱ्हायली बग.”

हे श्रीपादरावांनी ऐकलं. झोप लागली नाही. कशी लागेल? दोन हिवाळ्यांचं एका माणसाचं शहाणपण त्यांनी सोड्यात उकळून काढलं होतं, आणि वर त्याचीच भाकरी खाल्ली होती.

उजाडता उजाडता धारेचा आवाज आला, तसे ते उठून गोठ्यात गेले. रखमाजी म्हशीखाली चरवी धरून बसला होता. श्रीपादराव शेणातच उभे राहिले.

“रखमाजी, तुझं माप चुकलं नव्हतं.” आवाज पार कुजबुजीचा. “तंबू मी धुवून घेतला. भट्टीत. दोनदा. भोकसुद्धा मीच शिवून घेतलं.”

धार थांबली नाही. “ठाव हाय मला. हातात धरल्याबरुबर सोड्याचा वास आला.”

“मग सगळ्यांदेखत स्वतःवर का घेतलंस?”

“तुमच्या बाईसाहेब उभ्या हुत्या. म्हटलं, माणूस घटकाभरानं आपणच बोलंल.” रखमाजीनं चरवी बाजूला ठेवली. “तंबू पडला, तवा वाटलं, आता बोलतील. जेवताना वाटलं, आता तरी बोलतील. लई दमवलंत, रावसाहेब.”

श्रीपादरावांची मान खाली गेली. “मला वास सहन झाला नाही रे. भाषण दिलं होतं मी, दीड तास. पण नाक... नाक ऐकेना. सौदामिनीला हे कळलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?”

गोठा आणि ओसरी यांच्यामध्ये कारवीचा एक कूड होता. शेणानं सारवलेला, बोटभर जाडीचा. त्याच्यापलीकडं पेंढा खसखसला. कुणीतरी हसू दाबलं, कुणीतरी ‘श्श’ केलं, आणि मग सौदामिनीचा स्वच्छ आवाज आला.

“जरा मोठ्यानं सांगा. मागच्यांना नीट ऐकू येत नाहीये. आणि तिथून उठलात की आधी चिमाजी पाटलांच्या दारात जा. तिथं अगदी ओरडून सांगा.”