अस्वलाने पडदा लावला

एका जंगलात, बाळांनो, एक कचेरी होती. कुठल्या जंगलात, असं विचारायचं नाही. मुकाट ऐकायचं.

कचेरीत भोजू अस्वल कारकून होता. त्याची बायको आणि पिल्लं दूर मधवनात. तिकडे बदली मिळावी म्हणून तो सात वर्षं सिंहमहाराजांना अर्ज पाठवत होता. उत्तर एकदाही आलं नव्हतं. बिचारा पिल्लांची उंची फोनवर विचारायचा.

एके दिवशी शुद्ध भाषेत फर्मान निघालं, 'जागेवरून उठताना प्रत्येकाने पडदा बंद करावा.' म्हणायचं होतं संगणकाचा. पण भोजू पडला आज्ञाधारक. चहाला उठताना त्याने खिडकीचा पडदा ओढला, वर गाठही मारली. "आलोच हं!" म्हणाला आणि गेला. संगणक सताड उघडा!

"आलोच" म्हणजे निदान पाऊण तास, हे शेजारच्या चिंगू मुंगसाला पक्कं ठाऊक. अंधारही आयता मिळाला. त्याने भोजूच्या संगणकावरून थेट महाराजांना लिहिलं, 'आपली गर्जना हल्ली खोकल्यासारखी वाटते. कळावे, आपला नम्र, भोजू.'

भोजू परतला, तर महाराजांचं बोलावणं हजर. महाराजांनी पुढ्यात टाकलेलं पत्र वाचून त्याने थेट लोटांगण घातलं. आता कसली बदली? कातडी वाचली तरी पुष्कळ!

"महाराज, मी नाही लिहिलं! मी तर पडदा लावून गेलो होतो!"

"पडदा लावून लिहिलंस? एवढा घाबरलास?" महाराज खोकले. "अरे, दोन महिने घसा धरलाय. दरबार म्हणतो, वा, काय नवी गर्जना! खरं सांगणारा तू एकटा. जा मधवनात, कायमचा. दर आठवड्याला मध तेवढा पाठव."

भोजू तिथेच रडला.

गंमत बघायला मागोमाग आलेल्या चिंगूच्या पोटात दुखलं. "महाराज, ते मी लिहिलंय!"

"खाली नाव कुणाचं?"

"भोजूचं."

"दुसऱ्याचं श्रेय लाटतोस? आजपासून त्याचंही काम तूच कर."

तेव्हापासून चिंगू रोज संगणक उघडा टाकतो, "आलोच!" असं चार खोल्यांना ऐकू जाईल इतकं ओरडतो आणि तासभर चहा पितो. पण कुणी हात लावेल तर शपथ!

तात्पर्य : संगणक उघडा टाकून कधीही उठू नये. जे लिहायचं धाडस आपल्याला सात वर्षांत झालं नाही, ते कुणीतरी एका ओळीत लिहून जातं; आणि मग निमूटपणे सुखी व्हावं लागतं.