मागची सीट

"बाबा वाचतील, बाबा ठरवतील. ते हो म्हणाले तर जा. नाही म्हणाले तर हा विषय या घरात परत काढायचा नाही," हिमानीने जाहीर केलं आणि भाजीची कढई टेबलावर ठेवली.

मोरेश्वररावांच्या हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला. सुनेने आपल्याला न्यायाधीश नेमलंय हे त्यांना समजलं, पण कुठल्या खटल्याचं हे समजायला थोडा वेळ लागला. खटला असा होता : त्यांच्या मुलाने, परीक्षितने, चाळिशी उलटल्यावर एक मोटरसायकल घेतली होती. वसंत ऋतूपासून ती अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी, त्यांच्या गॅरेजमध्ये उभी होती आणि रविवारी तिथल्या सरळ रस्त्यांवरून फिरून येत होती. आता त्याला व्हिएतनामला जायचं होतं. गाइडबरोबर, मोटरसायकलवरून, समुद्रकिनाऱ्याने खाली आणि मग डोंगरात. अशा टूर काढणाऱ्या तीन कंपन्या त्याने शोधल्या होत्या आणि तिन्ही चांगल्या वाटत असल्यामुळे तो अडला होता.

"मी कसा ठरवणार?" मोरेश्वरराव म्हणाले. "मला साधी छत्री निवडता येत नाही."

"खरं आहे," त्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणाल्या. "लक्ष्मी रोडवर हे छत्री निवडत होते तेवढ्यात पाऊस थांबला होता."

"पण तुम्ही सगळं वाचता, बाबा," परीक्षित म्हणाला. "मला यार वेळच नाही. तुम्ही फायनल करा, मी साइन करतो."

मोरेश्वररावांनी पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. परीक्षितने कॉलेज स्वतः निवडलं होतं, अमेरिका स्वतः निवडली होती, नोकरी, हिमानी आणि हे घरसुद्धा. वडिलांना प्रत्येक गोष्ट ठरल्यावर कळली होती आणि तशी ती कळण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपल्याला विचारलं असतं तर आपण गोंधळच केला असता, अशी त्यांची खात्री होती. पण आज पहिल्यांदा मुलगा म्हणत होता, तुम्ही ठरवा. एवढं एक तरी चुकू नये, असं त्यांना फार वाटलं.

पुण्यातल्या एका छापखान्यात ते जन्मभर मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका दाखवायच्या, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांनी कामाला सुरुवातही तशीच केली. परीक्षितने छापून आणलेली तिन्ही माहितीपत्रकं समोर घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्याच पानावर स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या.

दुसऱ्या दिवशी हिमानी त्यांना लायब्ररीत सोडायला गाडीतून घेऊन गेली. "बाबा, काहीतरी डेंजरस सापडेलच ना त्यात?" तिने सिग्नलला विचारलं. संध्याकाळी परत आणताना परीक्षितने विचारलं, "बाबा, डेंजरस असं काही नाहीये ना त्यात?" दोघांनाही मोरेश्वररावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "अजून वाचतोय."

ते खरोखरच वाचत होते. लायब्ररीतली व्हिएतनामवरची पुस्तकं संपली तेव्हा तिथल्या बाईंनी त्यांना इतर गावांतून मागवून दिली. आणि वाचता वाचता निवडायचं काय हे मागे पडून मोरेश्वरराव त्या देशाच्या नादाला लागले. रात्री जेवताना ते बोलायचे. एरवी मीठ मागायलासुद्धा संकोचणारा हा माणूस नकाशावर पेन्सिल ठेवून बोलायचा, तेव्हा हिमानी वाढता वाढता थांबायची.

"हा हाय वान घाट. एका बाजूला डोंगर सरळ ढगात गेलेला आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. ढगच रस्त्यावर उतरून येतात म्हणे. आणि गेल्या वर्षी खालून बोगदा झाला, त्यामुळे ट्रक सगळे बोगद्यातून जातात. वर घाट मोकळा! कल्पना कर हिमानी, एवढा घाट आणि बघायला कुणी नाही."

"ट्रक नसतात का?" हिमानीने डाव हातात धरून विचारलं.

"नसतात. मग इथून वर डोंगरात कॉफीचे मळे. कॉफीला फुलं येतात तेव्हा सगळा डोंगर पांढरा. मोगऱ्यासारखा वास येतो. आणि शेवटी दा लातला पाइनची झाडं." ते थांबले. "अर्थात मी हे नुसतं वाचलंय. चुकतही असेन."

एक दिवस त्यांनी निर्णय दिला. तिसरी कंपनी. तिचा इथला माणूस शेजारच्या कोलंबस शहरातच होता. थुआन नावाचे साठीचे गृहस्थ, त्यांचं नूडल्सचं हॉटेल होतं आणि व्हिएतनाममध्ये दा नांगला टूर चालवणाऱ्या पुतण्यासाठी ते इथून बुकिंग घ्यायचे. परीक्षितने कागदांवर भराभर सह्या केल्या. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याने आयुष्यात अटी म्हणून कधी वाचल्या नव्हत्या. हिमानीने मात्र सगळं बारकाईने वाचलं, दोनदा वाचलं, आणि एवढ्या खुशीने परवानगी दिली की परीक्षितला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नवे हातमोजे, नवं जाड जॅकेट आणि गुडघ्यांना बांधायच्या वाट्या घरी आल्या. परीक्षित ते सगळं चढवून दिवाणखान्यात उभा राहिला.

"एवढं कशाला?" मोरेश्वरराव म्हणाले. "मागे बसणाऱ्याला हातमोजे लागत नाहीत."

"कोण मागे बसणार?"

"तू."

परीक्षित हसला. मग त्याने हिमानीकडे बघितलं. ती फ्रिज उघडून आत बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. त्याने कागद ओढून घेतले आणि पहिल्यांदाच वाचले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की प्रत्येक पाहुण्यासाठी एक अनुभवी चालक असेल आणि पाहुण्यांनी त्याच्या मागे बसायचं आहे.

"बाबा! मी आठ दिवस कुणाच्या तरी मागे बसून जाणार?"

"हो."

"अहो, मोटरसायकल टूर म्हणजे चालवायची असते!"

मोरेश्वरराव गोंधळून गेले. त्यांना खरोखरच हे सुचलं नव्हतं. "चालवायची? मग बघणार कधी?"

उत्तराबाईंना हसू आवरेना. पुण्यात मोपेड त्या चालवायच्या. रोज सकाळी शाळेत शिकवायला जाताना त्या नवऱ्याला छापखान्याशी सोडायच्या, संध्याकाळी घेऊन यायच्या, आणि सारी नोकरी मोरेश्वररावांनी मागच्या सीटवर डबा मांडीवर धरून काढली होती. पेठेतली पोरं हसायची. मोरेश्वररावांना ती दिसायचीच नाहीत. ते दुकानांच्या पाट्यांतल्या चुका वाचत असायचे, आणि मध्येच म्हणायचे, "अगं, बहावा फुललाय बघ." दुचाकीवरची चांगली जागा मागचीच, याबद्दल त्यांच्या मनात कधी प्रश्नच उठला नव्हता. तिसरी कंपनी त्यांनी निवडली ती एवढ्यासाठीच की मुलाला सगळ्यात चांगली जागा मिळावी.

"मी कॅन्सल करतोय," परीक्षित म्हणाला.

"चालवायच्या टूरला माझी परमिशन नाही," हिमानी फ्रिजमधून म्हणाली.

मोरेश्वरराव आपल्या खोलीत गेले. माणूस आयुष्यात एकदा काही मागतो आणि तेही आपण चुकीचं उचलून देतो, असं मनाशी म्हणत त्यांनी लायब्ररीची पुस्तकं परत करायला पिशवीत भरली. भरता भरता एक उघडलं गेलं आणि त्यात घाटाचा फोटो निघाला. तो बघत ते तसेच बसून राहिले.

कॅन्सल करायला सगळेच थुआन यांच्या हॉटेलात गेले, कारण मोरेश्वररावांना माफी मागायची होती. थुआन यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांपुढे सूपचे मोठे वाडगे ठेवले आणि परीक्षितला विचारलं, "मोठा झाल्यावर कधी मागे बसलायस?"

"नाही."

"मग कॅन्सल काय करतोयस, तुला माहीतच नाही. उद्या माझी सुट्टी. तुझी मोटरसायकल आण. मी चालवतो, तू बस. नाही आवडलं तर सगळे पैसे परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉकिंग हिल्सच्या जंगलाच्या दिशेने मोटरसायकल निघाली. पुढे जेमतेम खांद्याला लागतील एवढे थुआन आणि मागे सहा फुटी परीक्षित, गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर. त्यामागून गाडीत हिमानी, उत्तराबाई आणि मोरेश्वरराव. ऑक्टोबरचा रविवार असल्यामुळे पानांचे रंग बघायला सगळं कोलंबस त्याच रस्त्याला लागलं होतं, आणि त्यात महाराष्ट्र मंडळाची सहलही होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दरीच्या कठड्याशी मोटरसायकल थांबली तेव्हा मंडळाचे अध्यक्ष एकनाथ साने बटाटेवडा खात समोरच उभे होते.

"अरे परीक्षित! गाडी तुझीच ना? मग मागे का? लायसन्स गेलं काय रे?"

"पाय मुरगळला असेल," कुणी तरी म्हणालं.

"नाही हो, बायकोने अट घातलीय," आणखी एक बाई म्हणाल्या. ही बातमी त्यांना कुठून कळली होती ते शेवटपर्यंत समजलं नाही.

गाडीत मोरेश्वररावांनी डोळे मिटून घेतले. आता पोरगा ओरडणार. पण काहीच ऐकू येईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. परीक्षितने हेल्मेट काढलं होतं आणि तो सानेंकडे बघतच नव्हता. तो दरीकडे बघत होता. खाली धुकं अजून उठलं नव्हतं आणि त्यातून लाल, पिवळी, जांभळट झाडं वर आली होती. उजवीकडच्या कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती.

तो गाडीपाशी आला. "बाबा, हा धबधबा इथे कधीपासून आहे?"

"त्या पाटीवर लिहिलंय की बराच जुना आहे," मोरेश्वरराव जपून म्हणाले.

"मी या रोडने किती वेळा ड्राइव्ह केलंय. मला माहीतच नव्हता." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आणि मघाशी एक हरीण होतं. आमच्या बाजूने पळत होतं, बाबा. मी त्याचे डोळे बघितले."

मोरेश्वररावांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. म्हणजे आपलं चुकलं नव्हतं. अगदी बरोबरही नसेल, पण चुकलं नव्हतं.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण एव्हाना थुआन यांनी गाडीत बसून उत्तराबाईंची थालीपिठं चाखली होती आणि डबा संपेपर्यंत ते उतरायला तयार नव्हते. ते गाडीतूनच परत येतो म्हणाले. मोटरसायकल परीक्षितला चालवावी लागणार होती.

"बाबा, तुम्ही बसा मागे," परीक्षित म्हणाला. "बघाच तुम्ही."

मोरेश्वरराव हेल्मेट घालून बसले. किती वर्षांनी! मांडीवर डबा नव्हता, एवढाच फरक. वळण आलं, वारा लागला, डावीकडे सगळं जंगल पेटल्यासारखं उजळलं. त्यांनी मान वळवली.

तेवढ्यात मोटरसायकल डावीकडे झुकली, कारण परीक्षितही तिकडेच बघत होता.

"बाबा, ते बघा! तो मेपल!"

"परीक्षित, रस्ता."

"आणि खाली पाणी! अरे, हे पण मी कधी पाहिलं नव्हतं!"

"परीक्षित, समोर ट्रक आहे."

"कुठेय? हां. बाबा, गरुड! गरुड आहे की घार?"

"रस्त्याकडे बघ!" मोरेश्वरराव ओरडले. इतक्या मोठ्याने ते लग्नात मंगलाष्टकांनाही ओरडले नव्हते.

मग घरापर्यंत त्यांनी झाडं बघितली नाहीत, पाणी बघितलं नाही, गरुड होता की घार तेही बघितलं नाही. मुलाच्या खांद्यावरून मान पुढे काढून ते रस्ता बघत होते आणि दर वळणाला सांगत होते : आता डावीकडे. आता हळू. आता समोर सायकलवाला. परीक्षित आनंदाने म्हणत होता, "हो बाबा, हो," आणि आकाशाकडे बघत होता.

डब्लिनला गॅरेजपाशी ते सीट धरून सावकाश उतरले. हिमानी, उत्तराबाई आणि थुआन आधीच पोचून वाट बघत उभे होते.

"मग?" हिमानीने विचारलं. "काय ठरलं? कॅन्सल करायची, की चालवायची टूर बघायची?"

परीक्षित तोंड उघडणार तोच मोरेश्वररावांनी हात वर केला.

"मागे बसायचं. आठही दिवस. हाय वान घाटात तर खाली उतरायचंसुद्धा नाही. थुआनसाहेब, बुकिंग कायम. विषय संपला."

"वाचतो," "बघतो," "चुकतही असेन" यांतलं एकही वाक्य आलं नाही. उत्तराबाईंनी नवऱ्याकडे निरखून बघितलं. थुआन यांनी खुशीत मान डोलवली.

"बाबा," परीक्षित हेल्मेट काढत म्हणाला, "इतकं ठाम बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाहीये."

"इतका घाबरलोही नव्हतो कधी," मोरेश्वरराव म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले.