वहीतला रिकामा रकाना

“सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून मोजायचं. आणि काही झालं तरी वहीतला रकाना रिकामा सोडायचा नाही!”

आरोग्यसेविका असं बजावून गेली त्याला चार दिवस झाले होते, पण तिचा आवाज सूनबाईच्या कानातून जात नव्हता. ही सेविका रोज पायी घरोघर फिरायची. कुणाची गोळी चुकली, कुणाच्या बाळाची लस राहिली, हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. दर दोन वाक्यांमागे तिच्या तोंडी रकाना यायचा, म्हणून माघारी सगळे तिला रकानाताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

सूनबाईचे सासरे रस्त्यात भोवळ येऊन बसले, तेव्हा रकानाताईने आरोग्य केंद्रातलं रक्तदाबाचं यंत्र महिनाभरासाठी त्यांच्या घरी आणून ठेवलं. एक वहीही दिली. वर सासऱ्यांचं नाव, खाली तारीख आणि आकडा.

सासरे जुने घड्याळजी. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी तिथली अकरा घड्याळं घरी आणली आणि भिंतीवर टांगली. अकराही एका ठोक्याला वाजत. बंद पडलेलं घड्याळ त्यांना आजारी माणसापेक्षा जास्त बेचैन करायचं. यंत्राशी मात्र त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

“हे असं दम लागल्यासारखं फुसफुसतं, ते माझी तब्येत सांगणार? आधी त्याला कुणाला तरी दाखवा.”

“बाबा, दोनच मिनिटं.”

“दंड आवळतं गं ते. उद्या बघू.”

असा उद्या तीनदा आला आणि तीनदा गेला. चौथ्या दिवशी वहीतले रिकामे रकाने सूनबाईकडे टक लावून बघायला लागले. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. विचारायचं कुणाला? तिने दूध उतरवलं, कणीक झाकली आणि ओट्यापाशीच थांबून विचार केला. एका घरातली माणसं. एकच मीठ, एकच पाणी. त्यांचा आकडा आणि माझा आकडा, फरक तो कितीसा असणार? तिने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. १६८ वर १०२. मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि तो आकडा सासऱ्यांच्या नावाखाली सुवाच्य अक्षरात लिहून टाकला.

डोकं दुखतच होतं. पण डोकं तिचं रोजच दुखायचं. घासायच्या भांड्यांसारखं तेही रोजचंच, त्याची कसली नोंद करायची?

दहाव्या दिवशी रकानाताई आली. वही उघडली आणि मटकन खुर्चीत बसली.

“अगं बाई! रोज एकशे साठच्या पुढे? कुठे आहेत ते?”

घड्याळजी स्टुलावर चढून घड्याळाला चावी देत होते.

“खाली उतरा! आधी खाली उतरा!”

“का? वेळ चुकलीय का?”

“तुमची चुकायची वेळ आलीय, काका! बसा, मी मोजते.”

पण पट्टा दिसताच घड्याळजी न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावून घेतली. रकानाताई पाऊण तास दाराशी थांबली. अखेर पुढच्या घरचं बाळंतपण आठवून ती निघाली आणि जाता जाता यादी देऊन गेली. मीठ बंद. स्टूल बंद. जिना बंद. पत्ते तर बंदच, कारण पत्त्यांत ते आरडाओरडा करतात हे तिला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. आणि पुढच्या सोमवारी केंद्रात, डॉक्टरीणबाईंसमोर.

नवऱ्याला फोनवर कळलं. त्याने चहाही बंद करायला सांगितला. लांबून बंद करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

आता सूनबाई दोन स्वयंपाक करू लागली, एक अळणी आणि एक साधा. अळणी ताट परत यायचं, मग ती समजूत घालायची, मग ते रुसायचे. या सगळ्यात तिची झोप गेली. खरं सांगावं तर सासरे रागावतील, न सांगावं तर जीव टांगणीला. काळजीने तिचा आकडा वाढला, १७६ झाला, आणि तोही इमानाने सासऱ्यांच्या खात्यात गेला. कागदावर घड्याळजी दिवसेंदिवस खालावत चालले.

बातमी पत्त्यांतला भिडू असलेल्या शिंप्यापर्यंत पोहोचली. तो सफरचंदं घेऊन आला आणि उशाशी बसून खालच्या आवाजात म्हणाला, “मित्रा, काही मनात राहिलंय का?”

“राहिलंय. गेल्या मंगळवारी बदामची राणी तू मांडीखाली लपवली होतीस की नाही?”

शिंप्याने डोळे पुसले. “होती.”

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला. शिंपी निघून गेल्यावर त्यांनी सूनबाईला हाक मारली. “सूनबाई, वीस वर्षांत हा माणूस कधी खरं बोलला नाही. आज बोलला. म्हणजे माझं काही खरं नाही.”

“बाबा, असं नका बोलू. मी सांगते, मोजून तरी घ्या एकदा.”

“आता तर मुळीच नको! आकडा बघूनच जायचो.”

त्या रात्रीचं तिचं जेवण ताटातच राहिलं.

सोमवारी तिघं केंद्रात गेली. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, भुवया चढवल्या आणि घड्याळजी पळायच्या आत पट्टा बांधला. १२६ वर ७८. दुसऱ्या दंडाला बांधला. १२४ वर ७८. इतका घाबरलेला आणि इतका ठणठणीत माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

त्यांनी चष्मा काढून रकानाताईकडे पाहिलं. “ताई, तुमचं यंत्र बिघडलंय. या यंत्रावर आणखी किती घरांचे आकडे घेतलेत?”

“यांच्या घरी देईपर्यंत वर्षभर त्यावरच घेत होते, बाई. साठ घरं.”

“सगळे परत घ्यावे लागतील. आणि ज्यांच्या गोळ्या बदलल्या त्यांचं काय? यंत्र तपासून नको का द्यायला?”

घरोघर दारात उभं राहून ज्या बाईचा आवाज कधी खाली आला नव्हता, ती रकानाताई पिशवीचा बंद नुसता बोटाला गुंडाळत राहिली. सूनबाईने ते बोट पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

“यंत्र चांगलंय,” ती म्हणाली. “ताईंना बोलू नका. बाबा मोजू देईनात. रकाना रिकामा राहत होता, म्हणून मी… माझा आकडा लिहिला.”

“कुणाचा?”

“माझा. रोज. चूक झाली. सगळे आकडे खोटे आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी वही पुन्हा उघडली. या वेळी सावकाश. “आकडे खोटे नाहीत गं. नाव खोटं आहे. बस इथे.”

“मी? मला काय झालंय? फार तर डोकं दुखतं. मला स्वयंपाकाला उशीर…”

“बोलायचं नाही. पाच मिनिटं शांत.”

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. तीन मिनिटांनी डॉक्टरीणबाई पट्ट्याकडे वळल्या तसे ते गुरकावले, “अजून दोन मिनिटं आहेत!” आणि पाच पुरी होईपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही.

१७० वर १०४.

रकानाताई भिंतीला टेकली. “पाच वर्षं येतेय या घरी. तुझ्या सासूचं शेवटपर्यंत करताना पाहिलं तुला. सासूचा रकाना होता, सासऱ्यांचा आहे. तू दार उघडायचीस, पाणी द्यायचीस. तुझा रकानाच नाही गं माझ्या वहीत.”

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. मीठ कमी, आणि झोप. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचं. “रांग मात्र सहापासून लागते. उठतेस किती वाजता?”

“पाचला. घड्याळं वाजली की जागच येते.”

“उद्या ती झोपेल,” घड्याळजी म्हणाले. “रांगेत मी उभा राहीन.”

“बाबा, तुम्ही?”

“का? माझा दाब उत्तम आहे. हवं तर वहीत लिहून घ्या.” मग दाराशी जाऊन ते परत फिरले. “आणि शिंप्याला कळू देऊ नका. अजून दोन डाव कबूल करायचे राहिलेत त्याचे.”

दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना घड्याळजी उठले. अंधारात चाचपडत त्यांनी पहिल्या घड्याळाचा लंबक दोन बोटांत धरला आणि थांबवला. मग दुसऱ्याचा. जी घड्याळं त्यांनी सुतकातसुद्धा बंद पडू दिली नव्हती, ती अकराच्या अकरा एकेक करून गप्प केली. घर इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला सूनबाईचा श्वास ऐकू यायला लागला.

ओट्यावर वही होती. रकानाताईने कालच तिच्यात नवं पान काढून वर सूनबाईचं नाव घातलं होतं. घड्याळजींनी खिडकीशी जाऊन आजच्या तारखेपुढच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘झोपली आहे.’

मग चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढलं, आणि अनवाणीच पायऱ्या उतरून ते रांगेत नंबर लावायला निघाले.