दर शुक्रवारी बसायचं

घोटाळा झाला तो निरोपात. श्यामकांत केतकरच्या घरी फोन नव्हता. तो शेजारच्या अंजनाबाईंकडे होता, आणि निरोप पोचवताना त्यात पदरचं थोडं घालायची त्यांना सवय होती. या वेळी मात्र त्यांनी काहीच घातलं नाही. "विष्णुपंतांचा फोन होता. शुक्रवारी पाचला उल्हासनगरला टेकचंदकडे बसायचंय म्हणाले," एवढंच सांगून त्या श्यामकांतच्या बायकोच्या, कुमुदिनीच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

आपल्याकडे चार पुरुष 'बसतात' तेव्हा त्यांना खुर्च्यांपेक्षा बाटली जास्त लागते. हे विष्णुपंतांच्या गावीही नव्हतं, कारण ते दिवसभर स्प्रिंगा बनवत आणि उरल्या वेळात गीतेचे वर्ग घेत. श्यामकांतच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष त्या दिवसांत कशातच नव्हतं.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्याच्या शेडमधली तिन्ही लेथ मशीन दोन महिने बंद पडून होती. ज्या पंख्याच्या कंपनीला तो दांड्याभोवती बसणारे पितळी बुश पुरवायचा, तिने नायलॉनचे बुश वापरायला सुरुवात केली होती. घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन जायचं, रिकाम्या शेडमध्ये तो उघडायचा आणि संध्याकाळी "बरं चाललंय" म्हणत परत यायचं, असा त्याचा कारखाना चालू होता.

अशा माणसांसाठीच विष्णुपंतांनी ती टूम काढली होती. कारखानदारांच्या संघटनेत जो तो 'उत्तम चाललंय' असं सांगतो आणि घरी जाऊन छाती चोळत बसतो, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःसकट पाच जण निवडले. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी जमायचं, एकाने आपली खरी अडचण सांगायची, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, बायकोजवळही नाही.

"म्हणजे तुम्ही जाणार?" कुमुदिनीने विचारलं.

"जाणार तर. दर शुक्रवारी बसायचं ठरलंय. नियमित बसलं तरच गुण येतो."

"आणि विष्णुपंतसुद्धा?"

"अगं, त्यांनीच सगळ्यांना लावलंय. म्हणतात, बसलं की मन हलकं होतं."

गीतेचे वर्ग घेणाऱ्यावरचा कुमुदिनीचा विश्वास त्या दिवशी उडाला.

टेकचंदच्या बटणांच्या कारखान्यामागे एक खोली होती. टेकचंद अस्सल सिंधी. पापड आणि पाणी पुढे केल्याशिवाय पाहुणा आला असं तो मानतच नसे. पापड तिथेच स्टोव्हवर भाजले जात आणि खोलीत धूर कोंडे. त्यामुळे श्यामकांत दर शुक्रवारी लाल डोळ्यांनी घरी येई, अंगाला पापडाचा वास येई आणि जेवायला नको म्हणे. तिथे काय बोलता असं विचारलं तर, सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणे. कुमुदिनीने सगळं जुळवून पाहिलं. कुठेच काही कमी पडत नव्हतं.

पाचव्या शुक्रवारनंतर तिने बदलापूरहून थोरल्या भावाला बोलावलं. हेमचंद्र शाळाशाळांतून व्यसनमुक्तीवर व्याख्यानं देई. श्यामकांतने नोकरी सोडून कारखाना काढला तेव्हा 'वर्षात बुडेल' असं त्याने भर पंगतीत सांगितलं होतं, आणि सात वर्षं झाली तरी त्याने आशा सोडली नव्हती. त्याने एका दमात निकाल दिला. आधी डोळ्यांनी पाहायचं, मग मुलीला, मीनलला घेऊन बदलापूरला यायचं, माणूस सुधारला तर परत जायचं. कुमुदिनीला घर सोडायचं नव्हतं. पिशवी भरताना ती रडत होती आणि तीच साडी तीनदा घडी करत होती.

शुक्रवारी भाऊबहीण रिक्षाने उल्हासनगरला गेले. असल्या जागेचा उंबरा ओलांडायचा नाही हे हेमचंद्रचं तत्त्व, म्हणून तो रिक्षातच थांबला. कुमुदिनी एकटीच मागच्या खिडकीशी गेली.

आत पाच खुर्च्या, पाण्याचा जग आणि पापडांचं ताट होतं. पाच शुक्रवार नुसता ऐकत आलेला श्यामकांत आज बोलत होता.

"तीन महिने एक बुश निघाला नाही माझ्याकडे. रोज डबा घेऊन जातो. ती विचारते, भाजी आवडली का, तर मला आठवतच नाही काय होती. ती सगळ्यांना सांगते, आमच्या ह्यांनी स्वतःचं उभं केलंय. तिला काय सांगू?"

टेकचंदने फक्त पापडांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

कुमुदिनी परत आली तेव्हा हेमचंद्र रिक्षातून अर्धा बाहेर वाकला होता. "काय गं? पितायत?"

तिने पदराने तोंड पुसलं. "हो. पितायत."

"मी म्हणालोच होतो. चल, पिशवी उचलू."

"नको, दादा. थोडीच घेतात. एवढं राबल्यावर माणसाला लागते."

हेमचंद्रला इतका धक्का बसला की स्टेशनपर्यंत त्याने एकही वचन ऐकवलं नाही.

पुढच्या आठवड्यात हेमचंद्रकडून पोस्टाने व्यसनमुक्तीच्या पत्रकांचा गठ्ठा आला, वर श्यामकांतचं नाव. त्याने ती वाचली, दोनदा वाचली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत स्वयंपाकघरात गेला. आपण थेंबही घेत नाही, फक्त पापड खातो, मीनलची शपथ, असं तो सांगू लागला.

कुमुदिनी भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नायलॉनचे बुश आपल्या लेथवर नाही का निघणार?"

श्यामकांतचा पहिला संशय टेकचंदवर गेला.

"कोणी सांगितलं नाही. खिडकीशी मी होते. दादा रिक्षात होता, त्याला पितायत म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "आणि आता भाजी कसली आहे ते बघून ठेवा."

तो तिथेच खाली टेकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. मग हळूच त्याने विचारलं, "अगं, पण मग दादांना पितो म्हणून का सांगितलंस?"

"दारू सुटली म्हणून उद्या सांगता येईल," कुमुदिनी म्हणाली. "कारखान्याबद्दल दादाचं खरं ठरलं असं एकदा म्हटलं असतं, तर ते जन्मभर सुटलं नसतं."